बिनबुडबुड्याची बाटली

“मावशी, खरं सांगा. हे पाणी डबक्यातून भरलंत ना?”

प्रयोगशाळेतल्या रसायनबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत पातळ चहासारखं पाणी.

“माझ्या हातानं नळीतून भरलंय, बाई. तेव्हा काचेसारखं होतं. एकोणतीस वर्षं त्याच नळीवर जातेय मी.”

“मग तीन महिने हे असं का येतंय? वरचे म्हणतात, जुन्या नोंदींवर तरी कसा विश्वास ठेवायचा? सगळ्याच खोडा.”

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या. अख्खं खातं त्यांना बाटलीमावशी म्हणायचं. चार महिन्यांनी निवृत्ती होती. तिचं काही वाटत नव्हतं. पण एकोणतीस वर्षांचं पाणी खोटं ठरणार होतं.

“चला माझ्याबरोबर,” त्या उठल्या. “आणि बूट घाला. चिखल कुणाचा हुद्दा विचारत नाही.”

दलदलीच्या कडेला, लव्हाळ्यात, ती नळी बारा हात खोल उतरली होती. मावशींनी पंप मारला. नळीतलं शिळं पाणी आधी वाहून जाऊ दिलं. मग बादली भरली, बाटली तीत पुरती बुडवून भरली आणि पाण्याखालीच टोपण फिरवलं. न्हाऊ घातलेल्या बाळाला पुसावं तशी बाटली पदरानं पुसली.

“बघा. आहे कुठं चहा?”

पाणी इतकं नितळ, की बाटली रिकामीच वाटावी. रसायनबाईंनी ती उलटी केली. टोपणाच्या कडेनं एक थेंब गळला आणि त्याच्या जागी मोहरीएवढा बुडबुडा वर चढत गेला. मागोमाग दुसरा.

“मावशी, टोपण घट्ट नाहीये.”

मावशींनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. सांधा सुजून आवळ्याएवढा झाला होता. सकाळी साखरेची बरणी उघडेना, तेव्हा सून म्हणाली होती, “आई, द्या इकडे. हल्ली बरणीचं आणि तुमचं वाकडं दिसतंय!” दोघी हसल्या होत्या.

बाईंनी टोपण काढून बाटली दगडावर ठेवली. “आता नुसतं बघत बसू या.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पाण्यात कुणी उसासा टाकावा तशी निळसर झाक आली. झाक पिवळी झाली. पिवळ्याचा तांबूस, तांबसाचा चहा. वरून काही पडलं नाही, खालून काही उठलं नाही. जे आतच होतं, ते दिसू लागलं.

“खाली चिखलात हवा नसते,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तिथं लोह पाण्यात विरघळून राहतं. हवा लागली की त्याचे कण होतात. इतके बारीक, की तळाशीही बसत नाहीत, गाळणकागदातूनही निसटतात. चिखलातलं विषसुद्धा अंगाखांद्यावर घेऊन फिरतात.”

“आणि पूर येतो-जातो, तेव्हा?”

“तेव्हाही हेच. माती पाण्याखाली कोंडली की लोह विरघळतं, पाणी ओसरून हवा शिरली की परत कण. माणसं नव्हती तेव्हापासून चाललंय.”

मावशींनी तोंडावर हात ठेवला. मूल जन्माला घालावं आणि त्याला रांगताना कधी पाहूच नये, तसं झालं होतं. बाटल्या भरल्या, पेटीत ठेवल्या, पाठवल्या. पायाखाली हे एवढं चाललं होतं, आणि त्या त्याच्यावर उभ्या राहून डबा खात होत्या.

“लिहा, बाई,” त्या म्हणाल्या. “तीन महिने टोपण सैल होतं, वाटेत हवा शिरत होती. दोष पाण्याचा नाही, माझ्या अंगठ्याचा.”

“असं लिहिलं तर उद्यापासून तुम्हाला इथं पाठवणार नाहीत.”

“नाही पाठवणार. पण आधीचं पाणी खरं राहील ना?”

बाईंनी मान हलवली. “राहील.”

मावशींनी दुसरी बाटली बादलीत बुडवली आणि टोपण बाईंच्या हातात दिलं.

“तुम्ही लावा. पाण्याखालीच हं. हात गारठला तरी बाहेर काढायचा नाही.”

बाईंनी बाह्या वर केल्या, टोपण आवळलं. मावशींनी बाटली घेतली, उलटी केली, डोळ्यांपाशी नेली. नितळ पाण्यापलीकडे लव्हाळं उलटं उभं होतं.

बुडबुडा एकही नव्हता.