सतरा नंबरचा अंगठा

मी घड्याळ बोलतोय. पण किती वाजले ते मला विचारू नका, ते मला कधीच कळलं नाही. माझ्या तबकडीवर शंभरपासून एकपर्यंत आकडे आहेत आणि माझा एकुलता एक काटा कायम वरून खाली उतरतो. मी लिलावाचं घड्याळ आहे. हॉलंडच्या उत्तरेला, जिथे शेतं म्हणजे पाण्यातली बेटं आणि रस्ते म्हणजे कालवे, तिथल्या एका गावच्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून लिलावाचं लाकडी दालन बांधलं आणि मला भिंतीवर चढवलं.

दालनाच्या मधोमध पाणी होतं. शेतकरी कोबीनं भरलेली नाव घेऊन एका दारानं आत येई, माझ्याखाली घटकाभर थांबे आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडे. समोर पायऱ्यापायऱ्यांवर व्यापाऱ्यांचे बाक. प्रत्येक बाकाला एक नंबर आणि एक बटण, आणि त्या बटणाची तार थेट माझ्या पोटात. काटा उतरू लागला की ज्याचा अंगठा पहिला पडेल, त्याला त्या आकड्याच्या भावानं माल. घाई केली तर महाग पडणार, थांबलं तर शेजारचा घेऊन जाणार. चिरूट चघळत, एकमेकांकडे न बघितल्यासारखं करत ते बसायचे. नुसते बसायचे! आणि इकडे माझा जीव टांगणीला.

माझा स्वभावच काळजी करणारा. त्याला कारण वीस आकड्यावरची तांबडी रेघ. काटा त्या रेघेखाली गेला की त्या मालाचा लिलाव संपला. तो कोबी गाईंपुढे जायचा, नाहीतर खड्ड्यात. बाहेर कुणाला गुपचूप विकायचीही सोय नव्हती. भाव पडू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी स्वतःच तसा नियम केला होता आणि तो मोडणाऱ्याला लिलावाचं दार बंद. नावेत उभा असलेला माणूस टोपी हातात धरून माझ्याकडे बघायचा. सगळ्यांना वाटायचं, भाव मीच पाडतो.

त्या वर्षी कालवे सहा आठवडे गोठलेले होते. बर्फ फुटला त्या सकाळी सगळा गाव एकदम नावा घेऊन निघाला. दाराबाहेर नावांची ही रांग लागली. इतका कोबी घेणार कोण?

रांगेत तेरावी नाव ग्रीतची. तिचा नवरा सायमन सुगीतच गेला होता. तेव्हापासून बेट ती एकटी बघायची आणि तिचा दीर आरिस त्या बेटावर डोळा ठेवून होता. बर्फाच्या आधी तिच्या दोन नावा रेघेखाली गेल्या होत्या. आज आरिस मुद्दाम काठावर येऊन उभा राहिला.

"वहिनी, अजून किती खड्डे भरणार आहात?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बाईमाणसाच्या कोबीला गिऱ्हाईक नाही. बहिणीकडे शहरात जा, कारखान्यात काम मिळेल."

"हीसुद्धा नाव खाली गेली ना भावोजी," ग्रीत फणकाऱ्यानं म्हणाली, "तर बेट तुमचं. पाच माणसांसमोर सांगते."

बोलून गेली, आणि मग तिच्याच तोंडचं पाणी पळालं. पण शब्द बाकांपर्यंत गेला होता.

तिच्या आधीच्या बारा नावांपैकी नऊ रेघेखाली गेल्या. मी डोळ्यांत तेल घालून बाकांकडे बघत होतो. एक चिरूट पेटवतोय, एक जांभया देतोय. सतरा नंबरवर लांबर्ट बसला होता. एका मोठ्या पेढीसाठी तो माल घ्यायचा. तीस वर्षं त्या बाकावर बसून त्यानं एकदाही घाई केली नव्हती. व्यापारी त्याच्या अंगठ्याची शपथ घ्यायचे. सायमनचा कोबी तो कित्येक वर्षं घेत आलेला.

ग्रीतची नाव माझ्याखाली आली. लिलाव पुकारणाऱ्या एव्हर्टनं कळ दाबली आणि माझा काटा सुटला. शंभर, पंच्याण्णव, नव्वद. मला थांबता येत असतं तर! ग्रीतनं वर बघितलंच नाही. तिनं कोबीच्या एका गड्ड्यावर हात ठेवला होता. ऐंशी. पंच्याहत्तर.

त्र्याहत्तरवर मी खाडकन थांबलो. सतराचा दिवा लागला.

दालनात हास्याचा स्फोट झाला. त्या दिवशी कोबी पंचवीसच्या वर गेला नव्हता!

"लांबर्ट, झोपेत होतास का रे?" कुणीतरी ओरडलं.

एव्हर्टनं चष्मा वर केला. "चुकून लागलं?"

"चुकून," लांबर्ट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बोटं गारठलीत."

"दाबलं ते दाबलं. माल तुझा."

ग्रीतचा तर विश्वासच बसेना. पोटातली सगळी भीती हसण्यावाटे बाहेर पडली. "अहो लांबर्ट," ती नावेतून ओरडली, "सकाळी सकाळीच चढवलीत वाटतं!" बाक पुन्हा खदखदले. आरिस पाय आपटत निघून गेला. लांबर्ट हसला, पण खाली मान घालून.

मला मात्र ठाऊक होतं. चुकून पडलेला अंगठा दचकून मागे जातो. तारेतून ते मला लगेच कळतं; अशा चुका मी ढीगभर पाहिल्यात. हा अंगठा मागे गेला नाही. दिवा लागला, एव्हर्ट बोलला, सगळे हसले, तरी बटण दाबलेलंच होतं. आपलं बोट निसटेल की काय, अशी जणू त्यालाच धास्ती होती. पंचविसाला दाबलं असतं तर ही एकच नाव वाचली असती; त्र्याहत्तरात तिच्या आधीच्या दोन नावाही भरून निघाल्या.

पुढच्या आठवड्यात ग्रीत दुसरी नाव घेऊन आली, तेव्हा सतरा नंबरवर एक तरणा, अनोळखी माणूस बसला होता.

"लांबर्ट आजारी आहेत का हो?" तिनं एव्हर्टला विचारलं.

"घरी बसवलंय त्याला. ज्याचा हात थरथरतो तो माणूस बाकावर नको, म्हणाला पेढीचा मालक."

"पण एकदाच चुकले ना ते?"

"एकदाच. पण सगळ्या गावासमोर." एव्हर्टनं कागद चाळले. "तू पण तर हसलीस की."

ग्रीतचा चेहरा उतरला. आजवर तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड नाही, काटा आहे, आणि तोही फक्त उतरतो. तिचा माल चाळीसला विकला गेला, ते तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. बाहेर पडल्यावर तिनं नाव लांबर्टच्या घराकडे वळवली की स्वतःच्या, ते मला भिंतीवरून दिसलं नाही. ही रुखरुख मला आजतागायत आहे.

बेट तिनं राखलं. पुढं एकोणीस वर्षं ती येत राहिली. आत शिरली की आधी सतरा नंबरकडे बघायची, मग माझ्याकडे.

आता इथं कोबी येत नाही. माझी नातवंडं पडद्यावर राहतात. कुठल्या कुठल्या देशांतून विमानानं आलेली फुलं ती विकतात आणि घेणारे आपापल्या घरी बसून बटण दाबतात. त्यांच्या अंगठ्यांचं काय होतं, कोण जाणे. माझा काटा आता पर्यटकांसाठी उतरतो. हौसेनं सफरचंदाची पिशवी विकत घेतात बिचारे. एखादा पार वरच्या आकड्यावर बटण दाबतो आणि सगळे खो खो हसतात. माझ्या काळजात अजून धस्स होतं.

कधी आलात, तर माझं एवढं ऐका. हसण्याआधी त्या माणसाच्या अंगठ्याकडे बघा. दचकून मागे गेला असेल, तर खुशाल हसा. दाबून धरलेला असेल, तर गप्प राहा.