ढोलावर नाचणारी गाठ

“त्या घरात मानेला गाठी येतात गो. तुझा होणारा सासरा त्यानंच गेला,” लग्नाआधी मावशी म्हणाली होती. मी हसले होते. “गाठ म्हणजे काय आडनाव आहे, वारशानं यायला?”

आता गडब गावातल्या त्याच घराच्या अंगणात दोघांनी माझ्या नणंदेचे, दिपिकाचे, हात मागे पिरगाळून धरले होते. तिच्या जबड्याखालच्या लिंबाएवढ्या गाठीवर मांत्रिक गोरखबाबाने ओल्या पिठाने कोंबडीचं पीस चिकटवलं होतं. बाबा ढोल वाजवी, पीस उडे. अख्खं गाव हात जोडून उभं. चुलीत विळा लाल होत होता.

“बघा, वेताळ नाचतोय!” बाबा गरजला. “सुनेच्या पावलांनी घरात शिरला. ढोल थांबला का झोपल तो. त्याच्या आधी चिरून काढतो!”

दिपिका किंचाळली. तिला धरलेल्या एका चेल्याने तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटून रक्त हनुवटीवर उतरलं.

नवरा निकेश धाटावच्या कारखान्यात शिफ्टवर होता. मी दोन वर्षांच्या साहिलला शेजारच्या नंदाकडे दिलं आणि पुढे झाले. मघापासून मी बाबाचे डोळे बघत होते. ते पिसावरून हलत नव्हते. आधी पीस उडे, मग ढोल वाजे.

“ढोल थांबवा,” मी म्हणाले.

“सूनबाय, चूप!” चुलतसासरे कमळाकरकाका अंगावर आले. “तुझ्याच पायगुणानं झालाय ह्ये!”

कानशिलात बसली. मी कोलमडले ती ढोलावरच. कातडं फाटलं.

ढोल थांबला. पीस उडतच होतं.

मी गाठीकडे पाठ केली, दिपिकाचं मनगट धरलं आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ओरडले, “आता! आता! आता!”

“अगो, बरोबर तवाच हलतंय!” नंदा म्हणाली.

“वेताळ नाही हा. आपल्या सगळ्यांची उडते तीच नाडी आहे. गाठ रक्तवाहिनीला चिकटलीय.”

बाबाने विळा उचलला. तो गाठीपर्यंत पोचायच्या आत सासूबाई, चंद्रावती, चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावल्या आणि त्याच्या मनगटावर हाणलं. मांस करपल्याचा वास आला. विळा खाली पडला.

“माझा दादला असाच चिरून मारलास! पोरीला नाय देनार!”

बाबा कुंपणावरून पळाला. संध्याकाळी पोलिसांनी त्याला धरलं.

स्कॅन बघून डॉक्टर म्हणाल्या, “कर्करोग नाही. साधी गाठ आहे, पण मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीला बिलगलेली. विळा लागला असता तर ती अंगणातच रक्त जाऊन मेली असती.” आधी गाठीचा रक्तपुरवठा बंद केला, मग शस्त्रक्रिया. दिपिका आज बोलते, जेवते, भांडते.

दिपिकाच्या जनुकांच्या तपासणीत दोष सापडला. या प्रकारचा दोष मुलांना आईकडूनही मिळतो, पण गाठ बहुतेक वेळा बापाकडून आलेल्या दोषानंच होते. म्हणजे सुनेचा पायगुण नव्हेच. निकेशमध्येही तो दोष निघाला. त्याची मान आता नियमित तपासतात. साहिलची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. रोज अंघोळ घालताना माझी बोटं त्याच्या जबड्याखाली थांबतात.

डोळे उघडे ठेवून एकदा ढोल थांबवून बघा, एवढंच मागणं आहे. आणि गाठ दिसली तर विळ्याकडे नाही, डॉक्टरकडे जा.

कमळाकरकाका सासऱ्यांचे सख्खे भाऊ. हल्ली उकाड्यातही गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसतात. आवाज घोगरा झालाय. माझ्याशी बोलत नाहीत. गडबला थांबलात तर तुम्ही तरी त्यांच्याशेजारी बसा, चहा सांगा आणि विचारा, “काका, टॉवेल जरा काढता का?”