पिशवीची गाठ

कपारीत अडकल्यावर रावीरीला आधी आठवली ती वाईमारी मावशीची जीभ. बाकी सगळं नंतर.

आपल्या बेटापाशी तो रोज पर्यटकांना पाण्याखाली उतरवायचा आणि प्रत्येकाला बजावायचा, "पिशवी अंगाला बांधू नका. अडकली तर सोडता आली पाहिजे." आज शहाण्याने स्वतःच ती जाकिटाला दुहेरी गाठ मारून बांधली होती. कारण गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नात शेवंडांनी, म्हणजे लॉबस्टरसारख्या मोठ्या झिंग्यांनी, भरलेली पिशवी त्याच्या हातून निसटली, आणि मावशीने पाहुण्यांसमोर त्याचा पार चोथा केला. "आमचा रावीरी! समुद्राला जेवू घालून आला!" तेव्हापासून पोरंसोरंही हसत.

आता मामा वारला होता. मराएच्या, म्हणजे कुळाच्या सभाघराच्या, अंगणात त्याला निरोप द्यायला दोनशे पाहुणे जमले होते. किनाऱ्यावरच्या घराने पाहुण्यांना आपल्या समुद्रातलं वाढलं नाही, तर तोंड दाखवायची सोय राहत नाही. त्यात तूरीचा, त्याच्या चुलतभावाचा, कान ठणकत होता. म्हणून तो वर बोटीतच थांबला आणि रावीरी एकटाच उतरला.

बारा मीटर खाली एक दांडगं शेवंड कपारीत मागे सरकलं. रावीरी त्याच्यामागे कमरेपर्यंत आत घुसला. परत फिरायला गेला तर पिशवी कमरेखाली दोन खडकांत गच्च बसलेली. त्याने हिसका दिला. आणखी एक दिला. गाठ पोटाखाली दबली होती, तिथवर हात पोचेना. सुरीसाठी पोटरी चाचपली, तर म्यान रिकामं. सुरी सकाळी मावशीने कालवं उघडायला मागून नेली होती.

जाकीट सोडलं असतं तर तो तेव्हाच सुटला असता. पण जाकिटाबरोबर हवेची टाकी जाणार आणि पिशवीही जाणार. पुन्हा रिकाम्या हाताने? छे! तो हिसके देत राहिला. भीतीने आणि रागाने धापा टाकत त्याने हवा नुसती उधळली. हवेचा काटा पन्नासवर आला, मग वीसवर. मग प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागू लागला, आणि त्याला लख्ख कळलं, आपण पिशवीतल्या बावीस शेवंडांसाठी मरतोय.

त्याने पट्टे सोडले, शेवटचा श्वास घेतला, नळी तोंडातून काढली आणि खडकाला पाठ सोलवटत मागे सरकला. मग बुडबुडे सोडत वर.

"टाकी कुठाय?" तूरीने त्याला ओढून घेत विचारलं. "आणि पिशवी?"

"खाली."

"दोन्ही?"

"अक्कलही. ती आधीच गेली होती."

मराएच्या स्वयंपाकघरात मावशी त्याच्याच सुरीने कालवं उघडत होती. दारात तो उभा, पाठीवर रक्त, हात मोकळे.

"मावशी, शेवंडं..."

"अरे मेल—" तिने शब्द अर्धाच गिळला. आधी त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग हातातल्या सुरीकडे. तिने सुरी पुसून त्याच्या मुठीत दिली आणि मूठ बराच वेळ दाबून धरली.

मग हाताने डोळे पुसत ती पाहुण्यांच्या टेबलांपाशी जाऊन उभी राहिली.

"आज ताटात शेवंड नाही," ती मोठ्याने म्हणाली. "आणणारा परत आलाय. जेवा."