वाक्रूळकरांचा वल्हांडणाचा टोप

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरातली भांडी रोज चुलीवर चढतात. मी मात्र वर्षातले आठ दिवसच चढतो. बाकी सारे वर्ष मी पोत्यात गुंडाळलेला, माळ्यावर अंधारात पडून असतो. मी तांब्याचा टोप आहे. भवानीनगरचे शेजारीपाजारी मला भगुने म्हणतात. त्याचा मला राग नाही. माझ्या घरची माणसे मूळची कोकणातली, म्हणून मी टोप, एवढेच.

माझा जन्म पेणला झाला. एका तांबटाने जाड पत्रा ठोकून ठोकून मला पोट दिले, काठ दिला. वाक्रूळकरांच्या घरातल्या एका सासूबाईंनी मला दुकानातच उलटा करून बोटाने टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "हा पेसाहचा." तेव्हापासून माझे काम ठरले ते ठरलेच.

वाक्रूळकर हे बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण शेकडो वर्षे कोकणात मुरलेले, मराठीतच भांडणारे आणि मराठीतच रडणारे. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, ते घाणे बंद असत. पेसाह हा त्यांचा मोठा सण. मराठीत त्याला वल्हांडण म्हणतात. फार पूर्वी मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, त्यांचे पूर्वज गुलाम होते. सुटकेची वेळ आली तेव्हा कणीक आंबून फुगायलाही सवड मिळाली नाही. ती तशीच भाजून घेऊन ते चालते झाले. त्याची आठवण म्हणून त्या आठ दिवसांत घरात पाव नाही, पोळी नाही, बिस्किट नाही. खायचा तो मात्सा. मात्सा म्हणजे पाणी लागताच भाजून काढलेली, टोचे पाडलेली, पापडासारखी कडक भाकरी. माझ्यात त्याखेरीज पिठाचे दुसरे काही कधी पडले नाही. हा माझा मान होता, आणि मित्रांनो, त्याचा मला गर्वही होता.

सिपोराबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे आलो. त्यांचे यजमान एझ्राकाका साखर कारखान्यात केमिस्ट होते, म्हणून आम्ही इकडे, इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरला आलो. पेसाह येतो तेव्हा कारखान्याचा हंगाम सरत आलेला असतो. मळीचा आंबूस वास गावभर भरलेला असतो. सिपोराबाई खिडक्या लावून घेत आणि हसून म्हणत, "अहो, आपण घरातलं आंबलेलं बाहेर काढायचं, आणि हा कारखाना आत पाठवतोय!"

सणाआधी एझ्राकाका मला स्कूटरवर बांधून बारामतीला नेत. तिथे रसूलभाई कल्हईवाले होते. ते भाता मारून मला लाल करत, नवसागर टाकत आणि कथलाचा पांढरा हात माझ्या पोटातून फिरवत. एकदा त्यांनी विचारले होते, "सायब, ह्यात शिजवता काय?"

"मात्सा."

"मासा? मग कोकणातलंच म्हणा की!"

"मासा नाही हो, मात्सा. आमची भाकरी."

"भाकरीला मासा म्हणता व्हय? मंग माशाला काय म्हणता?" रसूलभाई आणि काका इतके हसले, की भट्टी विझायला आली.

सुखाची वर्षे होती ती. पुण्याहून पाहुणे येत. सिपोराबाई माझ्यात खजुराचा बिनरव्याचा शिरा घोटत, नारळाच्या रसात मात्साचे तुकडे शिजवत. पाहुणे बोटे चाटून म्हणत, "सिपोरा, हा टोप मला दे ग!" त्या मला पाठीमागे ओढून घेत. मग मुलगी रूथ मोठी झाली, लग्न करून इस्राएलला गेली. काका निवृत्त झाले. दोनच माणसे उरली. कुकर आला, स्टीलची छोटी पातेली आली. दोन वर्षे तर मला कल्हईला न्यायचेही राहून गेले. आत हिरवट डाग पडले. तांब्याला तसे सोडले तर त्यात शिजवलेले अन्न विषारी होते. मला वाटले, आता माझे दिवस भरले.

या वर्षी सणाआधी महिनाभर एझ्राकाका आंघोळीच्या खोलीत कोसळले. उजवे अंग गेले, वाचा गेली. बारामतीच्या एका दवाखान्यात ते बरेच दिवस होते. नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी त्यांनी दोनदा ओढून काढली. शेवटी डॉक्टरांनी घरी सोडले. सिपोराबाईंना ते म्हणाले, "चमच्याने भरवून बघा. फार पातळ नको, ठसका लागेल. घट्टही नको. पण तोंडाने काहीच गेलं नाही तर पुन्हा नळी. आणि या वेळी हात बांधून ठेवावे लागतील."

बाहेरच्या खोलीत लोखंडी कॉट आली. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसते.

माझी आठवण काढली ती शेजारच्या समिनाने. समिना ही त्या रसूलभाईंचीच मुलगी. लग्न होऊन भवानीनगरला आलेली, घरात शिलाईकाम करणारी. तिने मला माळ्यावरून उतरवले आणि माहेरी घेऊन गेली. रसूलभाईंनी दुकान कधीच मोडले होते. पण मला पाहून त्यांनी परसात भट्टी पेटवली.

"आवंदा सायब न्हाय आले?" त्यांनी विचारले.

"त्यास्नी अंगावरनं वारं गेलंय, अब्बा. बोलत न्हाईत."

रसूलभाईंनी भाता ओढला. कल्हई त्यांनी दोनदा चढवली.

दरवर्षी इस्राएलहून आलेल्या मात्साची खोकी पुण्याच्या सिनेगॉगमधून, म्हणजे प्रार्थनाघरातून, एसटीने येत. या वर्षी तिकडे इस्राएलमध्ये लढाई पेटली, विमाने बंद पडली. माल आला नाही. घराच्या वाट्याला शिलकीतला एकच पुडा आला. सिपोराबाईंनी तो कपाटात उंच ठेवला आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "हा त्यांच्यासाठी." मी ते ऐकले. ऐकण्याखेरीज मला दुसरे काय येते?

सणाच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी दिवे लावले. मात्सा चुरून माझ्यात दुधात शिजवला, साखर घातली. वाटी घेऊन कॉटजवळ बसल्या. "अहो, पेसाह आहे. तोंड उघडा."

एझ्राकाकांनी ओठ घट्ट मिटले. चमचा जवळ गेला तसा त्यांनी चांगला होता तो डावा हात उचलला आणि चमचा लोटला. दूध त्यांच्या सदऱ्यावर सांडले.

सिपोराबाईंना वाटले, चव आवडली नसेल. दुसऱ्या दिवशी पळसदेवहून धरणाचे मासे विकायला बाई येते, तिच्याकडून त्यांनी रोहू घेतला. सूप काढले, त्यात मात्सा भिजवला. पुन्हा तेच. ओठ मिटलेले, हाताने चमचा लोटलेला. मग खजूर घोटून दिला. मग तांदळाची पेज. वाक्रूळकरांकडे या सणात भात चालतो. पेजही नको.

त्यांनी पुण्याला सिनेगॉगमध्ये फोन लावला. तिथले वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बाई, आजाऱ्याला सगळं चालतं. पाव द्या, बिस्किट द्या, दोष नाही. जीव आधी." सिपोराबाईंनी समिनाकडून दुधात भिजवलेला पाव आणवला. समिनाच्याच वाटीत, समिनाच्याच चमच्याने. काकांनी मान भिंतीकडे फिरवली.

मुलीचा फोन आला. ती रडत होती. "आई, बाबांना जगायचं नाहीये का?"

सिपोराबाईंनी फोन खाली ठेवला आणि माझ्या काठावर कपाळ टेकले. "असंच असेल," त्या पुटपुटल्या. "कंटाळले असतील माझ्या हातांना."

मित्रांनो, मला ठाऊक होते. मी रोज सकाळी चुलीवर होतो, रोज संध्याकाळी मोरीत होतो. माझ्या तळाशी उरलेला घास सिपोराबाई खरवडून डब्यात भरत, "पुढच्या वेळी त्यांना" म्हणून. स्वतःच्या तोंडात एक कण घालत नसत. उभ्याउभ्या कोरा चहा, कधी अर्धा उकडलेला बटाटा; स्वतःसाठी मूठभर तांदूळ शिजवायचेही त्यांना सुचत नसे. काकांची नजर वळली की त्या म्हणत, "मी खाल्लं हो मघाशी." पण कॉटवरून स्वयंपाकघर सरळ दिसते. मी पाहत होतो आणि काकाही पाहत होते. आम्ही दोघेही मुके. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

काकांचे डोळे खोल गेले. ओठांना भेगा पडल्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, उद्या सकाळी घेऊन या, नळी घालू.

त्या दुपारी सिपोराबाईंनी उरलेल्या मात्सातला मोठा भाग माझ्यात शिजवला. दूध ओतताना त्यांची नजर कॉटवर होती. मिश्रण पातळ झाले ते त्यांना कळले नाही. कॉटजवळ जाऊन त्यांनी या वेळी विनवणी केली नाही. डाव्या हाताने काकांचा जबडा दाबला आणि चमचा आत घातला.

काकांना ठसका लागला. तो थांबेना. चेहरा काळानिळा झाला, छातीतून घरघर येऊ लागली. सिपोराबाईंनी त्यांना कुशीवर वळवले, पाठीवर थापा मारल्या, "मोशेच्या देवा, नको रे, नको" म्हणत राहिल्या. कसाबसा श्वास परत आला. काका डोळे मिटून धापा टाकत पडले.

मग सिपोराबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि फरशीवर आपटले.

इतक्या वर्षांत मला कोणी फेकले नव्हते. माझ्या कुशीला पोचा पडला, सगळा मात्सा फरशीवर पसरला. आवाजाने समिना धावत आली. पाहते तो सिपोराबाई गुडघ्यांवर बसून फरशीवरचा लगदा ओंजळीने परत माझ्यात भरत होत्या. "हे एवढंच होतं," त्या म्हणत होत्या, "एवढंच होतं ग." उठायला गेल्या आणि भिंत धरून तशाच खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

समिनाने त्यांचा चेहरा हातात धरला. "काकू, अंग गार पडलंय तुमचं. काय खाल्लं सकाळपासनं?"

"खाल्लं ग मी."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. ठण्. ठण्. ठण्. काका डाव्या मुठीने कॉटचा लोखंडी कठडा ठोकत होते.

समिनाने वळून पाहिले. काका तिच्याकडेच बघत होते आणि मान हलवत होते. नाही. नाही.

"काका," समिनाने हळूच विचारले, "काकूंनी खाल्लं न्हाय?"

मूठ थांबली. काकांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले.

"कालबी न्हाय?"

पुन्हा डोळे मिटले. या वेळी ते उघडले तेव्हा भरलेले होते.

समिना दारातच बसली. "आगं माझ्या आई! काकू, ह्ये चमचा लोटत न्हवते. ह्ये तुमच्याकडं ढकलत व्हते. मी परवा बगितलं, हात भिताडाकडं न्हाय, तुमच्या तोंडाकडं येत व्हता. माझ्याच डोक्यात उजेड पडला न्हाय."

सिपोराबाई काकांच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. मग पदराने तोंड झाकून रडल्या. सण लागल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.

पुड्यात थोडेसेच तुकडे शिल्लक होते. समिनाने मला धुतले. पोच्यामुळे मी चुलीवर डुगडुगत होतो, तिने कडेला सांडशी लावून धरली. सिपोराबाईंनी तुकडे कोमट पाण्यात भिजवले, हाताने पिळले, बोटांनी मऊ केले. त्यात नारळाचे दूध, एक अंडे, गुळाचा खडा आणि वेलदोडा. मंद आचेवर त्या ढवळत राहिल्या. घाई केली नाही. मिश्रण चमच्यावरून सावकाश सरकू लागले तेव्हा आच बंद केली. एकच ताटली घेतली, एकच चमचा.

कॉटच्या काठावर बसून त्यांनी पहिला चमचा स्वतःच्या तोंडात घातला. घास गळ्याखाली उतरेना. काका बघत राहिले. सिपोराबाईंनी गिळले तेव्हा काकांनी ओठ उघडले. वाकडे, अर्धेच, पण उघडले.

दुसरा चमचा त्यांना. तिसरा सिपोराबाईंना. ताटली रिकामी होईपर्यंत ऊन ओसरीवरून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नळी घातली नाही. डॉक्टर म्हणाले, थांबून बघू. मित्रांनो, काका बरे झाले असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. उजवा हात अजून तसाच आहे. पुन्हा झटका आला तर काय, या भीतीने सिपोराबाई त्यांचा श्वास ऐकत बसतात. मात्सा त्याच दिवशी संपला होता. सणाचे उरलेले दिवस दोघांनी पेजेवर आणि बटाट्यावर काढले, एकाच ताटलीत.

सण उतरला त्या दिवशी समिना भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आली. सिपोराबाईंनी भाकरी दुधात कुस्करली, काकांसमोर धरली आणि सवयीने चमचा त्यांच्या तोंडाकडे नेला. काकांनी मान मागे घेतली. त्यांचा जबडा हलला, गळ्याची शीर ताणली गेली. आवाज आधी नुसताच घोगरा आला. मग शब्द आला. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द.

"खा."

सिपोराबाईंनी खाल्ले.

मित्रांनो, भांड्याला वेळेवर कल्हई करा, हे मी सांगेनच. ते माझ्या जातीचे गाऱ्हाणे आहे. पण त्याहून मोठी विनंती आहे. तुमच्या घरात कोणी आजारी पडले, तर त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाकडेही बघा. आजाऱ्याने काय खाल्ले, हे सगळेच विचारतात. भरवणारीला विचारा, "तू जेवलीस का?" ती "हो" म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. तिच्यासाठी ताट वाढा, आणि ती जेवेपर्यंत समोर बसा.