जांभळ्या फळीचं धनुष्य

गारखेड्यात टँकर आठव्या दिवशी यायचा, त्या साली कडूबा मिस्तरीकडं धामणीचं लाकूड यायचं बंद झालं. डोंगरातली धामणीची झाडं उभी वाळली होती, आणि त्याची सगळी धनुष्यं धामणीचीच. अशात नानासाहेब गाडीत तीन परदेशी फळ्या घालून आले. गंगापूर रस्त्याच्या त्यांच्या कपाशीत प्लॉट पडले होते; तेव्हापासून त्यांना नवनवे शौक लागले होते. आता तिरंदाजी.

"काळी, पिवळी, जांभळी. निवडा, मिस्तरी. तुमच्या नजरेचं नाव ऐकून आलोय."

कडूबानं असली लाकडं जन्मात पाहिली नव्हती. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, ते उंबऱ्यातूनच ओळखलं. तो फळ्यांवर टिचक्या मारून मान डोलवत होता. धामणीला त्यानं कधी टिचकी मारली नव्हती. तिची तो कडेची ढलपी फोडायचा. सरळ फाटली तर ठीक, तिरकी फाटली तर ते धनुष्य मोडणार, म्हणून लाकूड चुलीत.

"ढलपी फोडून बघा की," ती म्हणाली.

"वहिनी, ही पार ब्राझीलची हाय," नानासाहेब हसले. "बाभळीचं सरपण नाय. कोपरा उडवू नका."

"तिला काय कळतंय," कडूबा म्हणाला. आणि बाभळीच्याच अंदाजानं सगळ्यात जड, सगळ्यात टणक अशी जांभळी फळी त्यानं उचलली. बैलगाडीच्या कण्याला ती झकास ठरली असती.

तीन आठवड्यांनी धनुष्य तयार झालं. नवं धनुष्य पहिल्यांदा ओढायचं ते चतुराबाईनं, ही लग्नापासूनची रीत. कडूबा लांब उभा राहून मुठीच्या वरचं आणि खालचं, दोन्ही पाती सारखी वाकतात का ते बघायचा. बजाजनगरच्या खेळाडूंची कितीतरी धनुष्यं तिच्या हाताखालून गेली होती.

नानासाहेब खुर्ची टाकून बसले. चतुराबाईनं अर्ध्यापर्यंत ओढलं आणि थांबली.

"आतून बोलतंय हे. ठेवा बाजूला."

"ओढ."

"अहो, ऐकलंय मी."

"घरात मिस्तरी कोण हाय, तुम्ही का ह्या?" नानासाहेबांनी अगदी प्रेमानं विचारलं.

कडूबाचे कान लाल झाले. "ओढ म्हणलं ना! का दम नाय राह्यला, म्हातारे?"

तिनं कानापर्यंत ओढलं.

वरचं पातं फाटकन मोडलं आणि दोरीसरशी उलटं येऊन तिच्या उजव्या डोळ्यात घुसलं. नानासाहेबांच्या गाडीची सीटं नवी होती. रिक्षा मात्र त्यांनी स्वतः हात करून थांबवली.

डोळा गेला, असं डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. कडूबा खाटेशी खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, "नानासाहेबांचा निरोप आलाय. काळ्या फळीचं करा म्हणतेत."

तिनं डोळ्यावरच्या पट्टीची कड चाचपली.

"चतुरा, तो पहिला आवाज कुठून आला गं? मुठीपासनं किती लांब? तेवढं कळलं तर ह्या खेपेला चूक व्हणार नाय."

तिला ठाऊक होतं. मुठीच्या वर चार बोटं, बाहेरच्या अंगानं. लाकडाची रेषा तिथंच तिरकी पळाली होती.

तिनं राहिलेला डोळाही मिटून घेतला.

"नानासाहेबांना इचारा," ती म्हणाली. "ते समोरच बसले व्हते."