मी हरवलो म्हणून भिमाजी सापडला

मित्रांनो, मी एक जुनं गाढव आहे. तुमच्या वर्गात माझं नाव दिवसातून दहा वेळा निघतं, हे मला ठाऊक आहे. गुरुजी ते कोणाकडे बघून घेतात, ते तुमचं तुम्ही पाहा. माझ्या घराण्याची मोठी कामगिरी मात्र कोणी सांगत नाही. पवित्र शास्त्रात शौल नावाचा उंच तरुण बापाची हरवलेली गाढवं शोधायला निघाला आणि वाटेत शमुवेल नावाचा संदेष्टा भेटल्यामुळे राजा झाला. गाढवं दारात राहिली असती, तर राजाही घरीच राहिला असता.

माझा जन्म जामखेडजवळ आसाराम कुंभाराच्या दारात झाला. मडकी घेऊन मी बाजार गाठायचो. बारा वर्षांत एकच मडकं फुटलं, तेही आसारामाच्या हातून. पण आळ माझ्यावर आला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. माती भिजवायलाच पाणी नाही, तर मडकं कशाचं घडणार? चाक थांबलं. माझ्या पाठीवर गोणी काचून जखम झाली होती, घसा सुकला होता. एका सकाळी वाऱ्यावर ओला वास आला आणि मी दोरीसकट निघालो.

आसारामानं मागे धाडला आपला मुलगा भिमाजी. हा गडी इतका उंच, की दारातून येताना नमस्कार केल्यासारखा वाकायचा. आणि इतका लाजाळू, की बाजारात किंमत विचारली तर मडक्याकडे बघून सांगायचा.

वास निघाला पाझर तलावाच्या कामावरच्या टँकरचा. तिथं दोन गावांची माणसं दुष्काळी कामावर माती उपसत होती. त्यांना सुकडी, म्हणजे सरकारकडून यायचा गोड पिठाचा खाऊ, वाटायची राहीबाई, एक म्हातारी ख्रिस्ती बाई. तिला कामावरचे साहेबसुद्धा मावशी म्हणत. तिनं मला सावलीत बांधलं आणि पाठीला करंजाचं तेल लावायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी भिमाजी आला. ओठ फुटलेले, वहाणेचा अंगठा तुटलेला. मला बघून म्हणाला, "मावशी, ह्यानं पानी पेलं का?"

"पेलं. आन् तू?"

तो माझी दोरी सोडायला लागला. राहीबाईनं कोपऱ्यातलं ताट उघडलं. सुकडी होती, शेजारी तांब्याभर पाणी. "बस. तुझंच हाय."

"मी येनार, हे तुमाला कुनी सांगितलं?"

"गाढव आलं म्हंजे मागनं धनी येनारच की! शमुवेलानं बी शौल यायच्या आधीच त्याचा वाटा राखून ठिवला हुता. मी बी तीन दिस रोज हे ताट झाकतीय."

तो जेवत असताना तिनं शौलाची सगळी गोष्ट सांगितली आणि माझ्या जखमेचा तेलकट हात त्याच्या डोक्याला पुसला. शौलाला राजा करताना शमुवेलानं त्याच्या डोक्यावर चांगलं तेल ओतलं होतं. दुष्काळात एवढंच.

"आता ऐक. हितं टँकरवर दोन गावं रोज भांडत्यात. साहेब म्हनले, पुन्यांदा डोकी फुटली तर टँकर बंद. तू दोन्ही गावांचा न्हाईस. रांग तू संभाळ."

"मावशी, मला बोलता बी येत न्हाई!"

"बोलनारे हितं लई हायेत."

दुसऱ्या दिवशी राहीबाईनं सर्वांसमोर नाव घेतलं, तर भिमाजी गायब. राजा म्हणून नाव निघालं, तेव्हा शौलही असाच सामानात लपला होता. मी वास घेत माती वाहायच्या पाट्यांच्या ढिगाकडे गेलो आणि ओरडलो. खरं तर त्याचं डोकं ढिगावरून दिसतच होतं. पण माणसांना कोणीतरी ओरडून सांगावं लागतं.

"गाढव हुडकाया आला आन् राजा झाला व्हय रं!" छगन नावाचा दांडगा गडी म्हणाला. सगळे हसले. भिमाजी कानापर्यंत लाल झाला आणि टँकरपाशी जाऊन उभा राहिला.

एक हंडा ह्या गावाचा, एक त्या गावाचा. मी पुढे घुसलो, तर म्हणाला, "माझं जनावर हाय, शेवटाला." तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. शेवटी त्यानं एक बादली भरली आणि तिच्यावर पाटी झाकली.

"ही कुनाची?" छगननं विचारलं.

"जो आजून आला न्हाई, त्याची."

"टँकर निघाला! वत आमच्या हंड्यात!"

गर्दी सरकली. छगननं दगड उचलला. टँकर बंद होणार, हे मला गाढवालाही कळलं. भिमाजी बादलीशेजारी बसला आणि पाटीवर हात ठेवून म्हणाला, "मारा. पन झाकन निघनार न्हाई."

तेवढ्यात पायाला चिंधी बांधलेली एक म्हातारी रिकामा हंडा घेऊन लंगडत आली. खडी फोडताना तिच्या पायावर धोंडा पडला होता. ती छगनची आई, आक्काबाई.

भिमाजीनं पाटी उचलली आणि बादली तिच्या हंड्यात ओतली. छगननं दगड खाली ठेवला, आईचा भरला हंडा डोक्यावर घेतला आणि चालू लागला. दुसऱ्या दिवसापासून त्या बादलीवर पहारा छगनचा.

मला त्या दिवशी मिळालं ते भिमाजीच्या तांब्यातलं अर्धं पाणी.

"पुढं शौल मोठा झाला, आन् सांगितल्यालं ऐकंना," राहीबाई म्हणायची. "गाढवं हुडकत हुता तवर बरा हुता." भिमाजीनं ते ध्यानात ठेवलं. टँकर कधी बंद पडला नाही. पाऊस लागला, तेव्हा राज्य सोडून तो चाकावर जाऊन बसला.

आता माझे दात गेले आहेत, ओझं होत नाही. तरी सकाळचं पहिलं पाणी तो मला पाजतो, मग स्वतः पितो. मित्रांनो, म्हाताऱ्या जनावराला दगड मारू नका, हे तर आहेच. पण घरी ताटं वाढताना एक वाटा झाकूनही ठेवा. कोणीतरी अजून वाटेत असतं, आणि ते बहुधा माझ्यासारख्यालाच शोधत असतं.