चढणारे तीन

डेपोत माझ्या माघारी मला ‘भोंगा’ म्हणतात. म्हणोत बापडे. चौदा नंबरची बस मी अकरा वर्षं चालवतेय आणि माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचतो, त्यात लाजायचं काय? त्या मंगळवारी मात्र तो वाहतूक साहेबांच्या केबिनमधून खाली बस धुण्याच्या जागेपर्यंत पोचला होता म्हणे. त्याचीही मला लाज वाटत नाही.

झालं असं की नोटीस बोर्डावर कागद लागला. पहिल्या तारखेपासून चौदा नंबर दीपगृहापर्यंत जाणार नाही, अलीकडच्या पुलावरूनच परत फिरेल. पुलापासून दीपगृह साडेतीन किलोमीटर, सगळा चढ. दीपगृहाच्या थांब्याजवळ चार घरं आहेत. तीन घरांत मोटारी आहेत, चौथ्यात माझी मावशी राहते. आई गेल्यावर मला आणि दादाला तिनंच वाढवलं. चार वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती सकाळी पावणेआठच्या बसने डायलिसिसला जाते आणि दुपारी पिळून काढलेल्या फडक्यासारखी होऊन परत येते.

साहेबांनी माझ्यापुढे एक तक्ता सरकवला. दीपगृह, आठवड्याला चढणारे : तीन.

“तीन?” मी म्हटलं. “अहो, शनिवारी एका फेरीला चाळीस माणसं उतरवते मी तिथं! चिखलाचे बूट, काठ्या, पाठीवर हे एवढं ओझं. मधून चालायला जागा नसते.”

“उतरत असतील. पण कार्ड चढताना टेकवतात, उतरताना नाही. यंत्राला उतरणारा दिसत नाही.”

“यंत्राला डोळे नाहीत. तुम्हाला आहेत ना?”

“मला यंत्र दाखवतं तेवढंच दिसतं,” साहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तीन कोण ते मला चांगलं ठाऊक होतं.

“ही तीन माणसं नाहीत, साहेब. एकच बाई आहे, तीनदा. आणि एकदा जरी चढली नाही ना, तर आठवडा काढायची नाही.”

त्यानंतर मी आणखी बरंच काही बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी साहेबांनी दोन्ही हात वर केले. येत्या शनिवारी चार-दहाच्या फेरीची मोजणी लावतो म्हणाले. दीपगृहाला पंचवीस चढले तर थांबा राहील, चोवीस चढले तर नाही. आणि गाडी वेळेवर सुटली पाहिजे. तसं त्यांच्याकडून मी लिहूनच घेतलं. तोंडी शब्दाला आमच्याकडे कुत्रं विचारत नाही.

जिना उतरता उतरता माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथंच कठडा धरून उभी राहिले. चाळीस उतरतात आणि एकही चढत नाही, हे कुणी केलं? माझ्या सख्ख्या भावाने.

दादा शाळेत भूगोल शिकवतो. त्याने एक पुस्तक लिहिलंय, समुद्रकाठच्या बारा पायवाटांचं. प्रत्येक वाट एका बस थांब्यावर सुरू होते आणि दुसऱ्यावर संपते, कुणाला मोटार लागत नाही. पुस्तक चांगलं आहे, ते मी रागातही मान्य करीन. त्यातली सातवी वाट आमची. दीपगृहाला उतरायचं, कड्याकडेने नऊ किलोमीटर चालत जुन्या धक्क्यावर जायचं आणि तिथून नऊ नंबरची बस पकडायची. का, तर वारा पाठीवर, ऊन पाठीवर आणि उतार जास्त. वेळापत्रक त्याला मीच काढून दिलं होतं. दोघांनी मिळून मावशीचा थांबा मारला होता, आणि मला आजवर वाटत होतं की आपण तो वाचवतोय.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. तो जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या आवृत्तीचे कागद तपासत बसला होता.

“सातवी वाट उलटी कर,” मी चपलाही न काढता म्हटलं आणि सगळं सांगितलं.

“वेडी आहेस का?” दादा म्हणाला. “वारा सरळ तोंडावर येतो तिथं. डोळ्यांवर ऊन, शेवटी चढ. लोक मला शिव्या घालतील.”

“घालू देत. शिव्यांनी माणूस मरत नाही.”

“अगं, मी मावशीसाठीच ती वाट पुस्तकात घातली ना? बस भरलेली राहावी म्हणून!”

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

“मग आता मावशीसाठीच उलटी कर.”

त्याने पेन्सिलीचं टोक न्याहाळलं. “नाहीतर असं करू. तिला आपण इकडे शहरात आणू. एखादी खोली बघू.”

“आपण म्हणजे कोण?” मी विचारलं. “खोली बघणार कोण? तिचं सामान बांधणार कोण? समुद्र दिसत नाही म्हणून ती रडेल तेव्हा तिच्याजवळ बसणार कोण? चार वर्षांत तू तिला दवाखान्यात किती वेळा नेलंस, दादा?”

“माझी शाळा असते.”

“आणि सुट्टीत?”

स्वयंपाकघरात वहिनीने नळ बंद केला. दादा कागद सारखे करत राहिला. मी दार आपटून निघाले. दार आपटायची मला वाईट खोड आहे, मावशी लहानपणापासून त्यावर ओरडते.

बुधवारपासून मी बसच्या काचांवर हाताने लिहिलेले कागद लावले : शनिवारी धक्क्यावरून सुरुवात करा, दीपगृहाला बसमध्ये चढा. माइकवरूनही तेच सांगत सुटले. पालथ्या घड्यावर पाणी! एक आजोबा पुस्तक उघडून मला पान दाखवायला लागले.

“बाई, इथं असं लिहिलेलं नाही.”

“आजोबा, लिहिणारा माझा भाऊ आहे आणि तो चुकलाय.”

“मग त्यालाच दुरुस्त करू दे,” असं म्हणून ते दीपगृहाला उतरले आणि वारा पाठीवर घेऊन चालू पडले. दादाचा फोन नाही, निरोप नाही. मीही केला नाही.

शनिवारी सकाळच्या फेरीला दीपगृहाला फक्त सहा जण उतरले. बाकीचे धक्क्याकडे गेले की घरीच बसले, कळायला मार्ग नव्हता. दुपारी मी रिकामी बस घेऊन शेवटच्या थांब्यावर पोचले तेव्हा चारला पाच कमी होते. बाकावर मावशी बसली होती, मांडीवर पिशवी, हातात काठी.

“आज तुझा वार नाही,” मी म्हटलं.

“मोजणी आहे ना? मी काय मोजण्यासारखी नाही?”

एक झाला. चार वाजले, चार वाजून पाच झाले, वाटेवर चिटपाखरू नव्हतं. दादाला काय काय बोलायचं याची मी मनात उजळणी सुरू केली. चार-आठला कड्यावर रंगीत ठिपके दिसले. खूप होते, पण वाऱ्यात वाकून, पाय ओढत येत होते. दहा मिनिटं तरी सहज लागली असती. मी उशिरा निघाले तर मोजणी बाद, वेळेवर निघाले तर थांबा बाद.

“किती वाजले?” मावशीने विचारलं.

“चार नऊ.”

“मग चढते आता.”

तिनं एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबली. आमच्या नियमात स्पष्ट आहे, वयस्कर प्रवासी जागेवर बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. चार वर्षं तिला तोंडपाठ ऐकवलेला नियम, माझ्याच तोंडून. मावशी गुडघा चोळू लागली. मग काठी बदलली. मग दुसरा पाय. मग पिशवीत कार्ड शोधणं. चष्म्याचं घर निघालं, रुमाल निघाला, औषधांची चिठ्ठी निघाली.

वायरलेस खरखरला. “चौदा, का थांबलात?”

“वयस्कर प्रवासी चढतायत.”

तीन मिनिटांनी परत. “चौदा, अजून?”

“गुडघा आहे, साहेब. माणसाला असतो.”

मावशीने कार्ड टेकवलं, मग पहिली सीट दाबून बघितली, टणक निघाली. दुसरी उन्हात होती. ती तिसरीकडे वळेपर्यंत पहिला माणूस दाराशी पोचला, तोंड लाल, नाक गळतंय. “कोण तो मूर्ख पुस्तकवाला!” म्हणत त्याने कार्ड टेकवलं. त्याच्यामागे रांग लागली. मी मोठ्याने मोजत होते. पंचविसाव्याला माझा आवाज फुटला. मग तीस, मग पस्तीस. कुणी म्हणालं, पुस्तकवाले सर सकाळपासून नऊ नंबरच्या स्टँडवर उभे राहून एकेकाला गाडीत बसवत होते, हात जोडून.

एकोणचाळिसावा दादा होता. ओठ फुटलेले, डोळ्यांतून पाणी. तो दांडा धरून धापा टाकत उभा राहिला.

मावशी खिडकीकडच्या सीटवर नीट टेकली. “लागला का वारा तोंडाला?”

दादाने मान हलवली.

“हिला चार वर्षं लागतोय,” ती म्हणाली. “बस खाली.”

तो बसला. मी दार बंद केलं. त्याला सुनावायचं म्हणून जमवलेलं सगळं तसंच राहिलं, कारण गाडी चालवताना डोळे पुसायची सोय नसते.

अकरा मिनिटं उशिराबद्दल मला मेमो मिळाला. मी उत्तरात नियमाचा क्रमांक लिहिला आणि खाली सही ठोकली. थांबा राहिला. दादाबद्दलचा राग काही गेला नव्हता, तो अजूनही पुरता गेलेला नाही. पण सोमवारी पावणेआठला मी दीपगृहाला दार उघडलं, तेव्हा मावशीची पिशवी दादाच्या खांद्याला होती. शाळेला काय सांगितलंस, हे मी विचारलं नाही. यंत्राने दोन मोजले.